नऊ दिवसांची गंमत

उंगारान, १२ ऑगस्ट २०१७

विन,

तू फोन उचलत नाहीस. संदेश पाठवला की निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतेस. म्हणून हे पत्र रजिस्टरने पाठवतेय. जेपाराच्या नव्या कारखान्याच्या फाटकावर ते घेताना तुला सही करावी लागेल. सही करायला तू फार विचार करत नाहीस, हे मला काल कळलं.

यापुढे तुला म्बाक म्हणणार नाही. तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तरी सुपरवायझर झालीस त्या दिवसापासून बाकीच्या बायकांसारखं मीही तुला थोरल्या बहिणीच्या मानाने म्बाक म्हणत आले, आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. आता वाटतो.

काल तिनाच्या घरी गेले होते. पार्तिना. लाइन सात, शर्टांच्या कॉलरच्या प्रेसवरची. जेपाराला जाऊन पंधरवडा होत आला तुला, नाव विसरली असशील म्हणून सविस्तर लिहिलं. तिच्या डाव्या हाताचं बँडेज आता लहान झालंय. अंगठा हलतो. बाकीची चार बोटं हलतात ती एकदमच, चमचा वाकावा तशी. डॉक्टर म्हणतात भाजलेली कातडी आखडून ताणली गेलीय, व्यायाम करा. ती दिवसभर एक कणकेचा गोळा दाबत बसते.

तिच्या नवऱ्याने, गियार्तोने, कारखान्याचं पत्र माझ्या हातात दिलं. ‘सदर कामगार महिलेने दि. २० जुलै रोजी निष्काळजीपणे यंत्र हाताळल्यामुळे इजा झाली. प्रकृती बरी नसल्याचे तिने वरिष्ठांपासून लपवून ठेवले. सबब दि. ३१ ऑगस्टपासून तिला सेवेतून कमी करण्यात येत आहे.’ त्याखाली जोडलेला जबाब तुझा. ‘अपघातापूर्वीच्या दिवसांत तिने कोणतीही तक्रार केली नाही. ती आनंदी होती व नेहमीप्रमाणे विनोद करत होती.’

नेहमीप्रमाणे विनोद करत होती. मी ही ओळ परत परत वाचत राहिले. शेवटी गियार्तोच म्हणाला, “म्बाक याती, सोडा तो कागद, फाटेल. आमच्याकडे एवढा एकच आहे.”

विन, तिला विनोद करायला कुणी शिकवलं?

ती कामाला लागली तेव्हाचं आठव. साडेचार वर्षं झाली. ती वरच्या डोंगरातल्या गावातून आलेली, बोलायला सरळसोट. तिसऱ्याच दिवशी तिने सगळ्यांदेखत तुला सांगितलं होतं, “हे स्टूल उंचीला कमी आहे, माझी पाठ दुखते, दुसरं द्या.” आख्खी लाइन खाली मान घालून बसली. कुणी वरिष्ठाशी असं बोलतं का! जेवणाच्या सुट्टीत तू तिला पाण्याच्या टाकीपाशी नेलंस. मी शेजारीच डबा धूत होते. तू म्हणालीस, “हे बघ, इथे असं बोललं की उद्धट दिसतं. काही सांगायचं असेल तर हसत सांग. ऐकणाऱ्याला कळतं. त्याचाही मान राहतो, तुझंही काम होतं.”

दुसऱ्या दिवशी तिने हसत सांगितलं, “म्बाक विन, या स्टुलावर बसून मी दर तासाला बोटभर बुटकी होतेय. शुक्रवारपर्यंत मला शोधायला भिंग लागेल.” सगळ्या हसल्या. तूही हसलीस. आणि संध्याकाळी तिला नवं स्टूल मिळालं. म्हणजे तेव्हा तुला विनोद कळत होते.

आता ऐक. तिचा अर्ज जिल्ह्याच्या कामगार कचेरीने घेतलाय. बुधवार, ३० ऑगस्ट, सकाळी दहा वाजता मध्यस्थांपुढे बैठक आहे. तू यायचं आणि सांगायचं की तिने तुला सांगितलं होतं. एकदा नव्हे, रोज. एवढं झालं तर तिची नोकरी राहते आणि हातासाठी तिला कुणी दोष देत नाही. नाही झालं तर एका हाताची, निष्काळजी म्हणून काढलेली बाई उंगारानमधल्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्याच्या फाटकातून आत जाणार नाही. हे तुला मी सांगायला नको.

आणि हो, कारखान्याच्या सहलीचा टी-शर्ट मिळाला तिला. सहलीला आली नाही म्हणून कारखान्याने घरपोच पाठवला, नारिंगी, मोठ्या मापाचा. दुखरा हात ठेवायला ती त्याची घडी करून मांडीवर घेते.

रुमियाती


उंगारान, १९ ऑगस्ट २०१७

विन,

तुझं उत्तर मिळालं. फोनवर, चार ओळी. रजिस्टरला संदेशाने उत्तर देणारी तूच.

‘याती, गंमत ती गंमत. तिला बरं वाटत नव्हतं तर सरळ सांगायचं होतं. मी काय मनकवडी आहे? आणि तू तर तिच्या शेजारच्याच यंत्रावर होतीस. कार्ड कुणाकडे होतं तेही आठव.’

कार्डाचा इथे काही संबंध नाही. कार्डाचं नंतर बघू.

‘सरळ सांगायचं होतं.’ हे तू लिहितेस! आपल्याकडे सासूच्या घरची भाजी खारट झाली तर सून काय म्हणते? ‘आई, आज समुद्र जवळ आल्यासारखा वाटतोय.’ आणि सासू मुकाट्याने भाजीत पाणी घालते. ती कधी म्हणते का, मी काय मनकवडी आहे? तू स्वतः मॅनेजर हेंदार्तो साहेबांकडे ओव्हरटाइमबद्दल गेली होतीस ते विसरलीस? परत आल्यावर आम्हाला सांगत होतीस, “मी साहेबांना म्हटलं, आमच्या लाइनवरच्या बायकांची मुलं आता आम्हाला काकू म्हणायला लागलीत.” त्या आठवड्यात ओव्हरटाइम दोन दिवसांनी कमी झाला. साहेबांना कळलं, तेही हसले. तुमचे विनोद म्हणजे निवेदन, आणि प्रेसवरच्या बाईचे विनोद म्हणजे नुसते विनोद?

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. मला सगळे पाठ आहेत, कारण मी सगळ्यांना हसले.

मंगळवार, ११ जुलै. प्रेसच्या डोक्यावरचा वाफ ओढणारा पंखा बंद पडला. तिना म्हणाली, “म्बाक विन, माझं डोकं सात फेऱ्या मारून आलं. तिकिटाचे पैसे कुणाकडे मागू?” तू म्हणालीस, “आठवी फेरी फुकट.”

बुधवारी म्हणाली, “मेंदूतून धूर येतोय. कुणाला कोंबडीचे साते भाजायचे असतील तर काड्या घेऊन या, निखारे तयार आहेत.”

त्यानंतर कधीतरी ती लुंपिया झाली होती. “सगळं आत कोंबून, गुंडाळून झालंय. आता फक्त तळायची बाकी आहे.” आणि शनिवारी, “हातपाय कामावर आलेत, जीव अजून घरी आंघोळ करतोय.” अपघाताच्या आदल्या दिवशी तिचा चेहरा राखेसारखा होता. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने मान पुसत ती म्हणाली, “आज नुसती मान आलीय, म्बाक. डोकं रजेवर आहे.” तू म्हणालीस, “डोक्याने रजेचा अर्ज भरलाय का?” आणि आम्ही बेचाळीसजणी एवढ्या हसलो की लाइन आठच्या बायका उठून बघायला लागल्या.

पंखा बंद आहे, उकाड्याने मला चक्कर येतेय. रविवार सोडून नऊ दिवस तिने दुसरं काय सांगितलं, ते मला सांग.

आणि तुला ते नुसतं कळत होतं असं नाही, तू ते लिहून घेत होतीस. हे सगळ्यात वाईट आहे. कुणी चिडलं की आख्खा देश म्हणतो, ‘याची सहल कमी पडलीय.’ हेंदार्तो साहेबांना ते एवढं आवडलं की त्यांनी कारखान्याच्या वार्षिक सहलीचं नावच ‘सहल कमी पडली’ ठेवलं, आणि प्रत्येक सुपरवायझरला फर्मान काढलं: बायका ताणाबद्दल गमतीगमतीचं काय बोलतात ते तारखेसकट लिहून आणा, सगळ्यात चांगलं वाक्य टी-शर्टवर छापू, बोलणारीला बक्षीस देऊ. तुझ्या हातात ती निळ्या पुठ्ठ्याची वही असायची. तिना बोलली की तू हसायचीस आणि हसता हसता लिहायचीस. तिला वाटायचं, म्बाक विन लिहून घेतायत, आता पंखा दुरुस्त होईल. हे तिने मला परवा सांगितलं. दुरुस्तीची वही समजून ती आणखी मन लावून बोलायची.

ती वही अजून तुझ्याकडे आहे. साहेबांनी फक्त निवडलेली वाक्यं वेगळ्या कागदावर मागवली होती, हे मला माहीत आहे. तारखा आहेत, तुझं अक्षर आहे. तुला यायचं नसेल तर नको येऊस. वही पाठव.

रुमियाती


उंगारान, २६ ऑगस्ट २०१७

विन,

वही मिळाली. तुझी चिठ्ठीही मिळाली.

खरं सांगायचं तर पाकीट उघडताना माझा राग थोडा उतरला होता. वाटलं, पाठवली तरी. मग चिठ्ठी वाचली.

‘माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. वही लाइनवर सापडली असं सांग. मला इथे येऊन महिनाही झाला नाही. आणि शेवटचं पान पाहून घे. वाटलं तर ते काढून टाक, तुझ्याच भल्याचं आहे. आठ दिवस पुरेसे आहेत. दोघींचंही भागेल.’

दोघींचंही भागेल! तिच्या बोटांचं काय भागणार, ते नाही लिहिलंस.

मी शेवटचं पान पाहिलं. वर तारीख, गुरुवार, २० जुलै. खाली तुझ्या त्या गोल गोल अक्षरात:

तिना: ‘म्बाक याती, मला सहलीला जाऊ द्या. लांब नाही, दवाखान्यापर्यंत.’
याती: ‘बस भरली. उद्या या!’

माझ्या ओळीपुढे तीन चांदण्या. बाजूला लिहिलंय, ‘पहिलं बक्षीस हेच.’

तर आता कार्डाचं लिहिते. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला लिहायचं नव्हतं.

लाइनीला हिरवं कार्ड एकच. गळ्यात असेल तिनेच यंत्र सोडून संडासला किंवा दवाखान्यात जायचं. ते सांभाळायचं काम सगळ्यात जुनी म्हणून माझं. त्या दिवशी सकाळी पावणेदहाला तिने मागितलं तेव्हा कार्ड बाहेर गेलेलं नव्हतं. ते माझ्या खिशात होतं. दहाच्या घंटेपर्यंतच्या हिशोबात चौदा कॉलरी कमी पडत होत्या. तू टेबलाच्या पलीकडून माझ्याकडे पाहिलंस आणि भुवई वर केलीस. एवढंच. तू तोंडाने काही बोलली नाहीस, हे मी कुठेही, कुणासमोरही खरं सांगेन. ती भुवई मला कळली. आणि तिनाचं बोलणंही कळलं. दोन्ही कळून मी म्हटलं, बस भरली, उद्या या.

सगळ्या हसल्या. तीसुद्धा हसली. “बरं बरं, मी थांब्यावर उभी राहते,” म्हणाली आणि प्रेसकडे वळली. नऊ पन्नासला ती किंचाळली, हात तापलेल्या प्रेसखाली. प्रेस उघडायला मला पायपट्टी सापडेना, तूच धावत येऊन दाबलीस. तेही मी सांगेन.

आता तुला आणखी एक सांगते, जे तुला माहीत आहे आणि तिनाच्या घरी कुणाला माहीत नव्हतं. सहा ऑगस्टला मी सहलीला गेले. नाही म्हणता आलं असतं. बांदुंगानच्या त्या मैदानावर अठराशे नारिंगी टी-शर्ट, आणि प्रत्येकाच्या पाठीवर ‘बस भरली. उद्या या!’ माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले, भात शिजवायचा विजेचा कुकर घेतला, हेंदार्तो साहेबांबरोबर फोटो काढला. फोटोत मी हसतेय. तेव्हा तिना इस्पितळातून घरी येऊन चार दिवस झाले होते. आणि दुसऱ्या दिवशी तोच टी-शर्ट तिच्या घरी पोचला.

गेल्या पंधरा दिवसांत मी तिच्या घरी पाच वेळा गेले. पाचही वेळा तो टी-शर्ट तिच्या मांडीवर होता, घडी अशी केलेली की अक्षरं आतल्या बाजूला. ती घडी तिने मुद्दाम केली होती की सहज, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. मी दर वेळी तुझ्याबद्दल बोलत राहिले. विनने असं करायला नको होतं. विनने सही कशी केली? ती ऐकून घ्यायची आणि कणकेचा गोळा दाबायची.

काल मी तिला सगळं सांगितलं. कार्ड खिशात होतं ते, भुवईचं, कुकरचं. गियार्तो उठून अंगणात गेला. ती म्हणाली, “चहा घ्या, गार होतोय.” मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, विन. तेवढं बरं तिने मला वाटू दिलं नाही.

पान मी काढणार नाही. तुझं नावही झाकणार नाही. पानापानावर तुझं अक्षर आहे, ते मी कुणाचं म्हणून सांगू? तू मला माझ्या भल्याचं सांगतेस तेव्हा तुझी ती भुवईच दिसते मला. मागे एकदा ती पाहून मी ऐकलं. पुन्हा ऐकणार नाही.

बुधवारी दहा वाजता. अजूनही येऊ शकतेस. जेपाराहून पहाटेची बस पकडलीस तर वेळेत पोचशील.

रुमियाती


उंगारान, ३१ ऑगस्ट २०१७

विन,

तू आली नाहीस. सव्वादहापर्यंत मी दाराकडे पाहत होते, हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

मध्यस्थ एक बाई होत्या, हर्यानी, सगळे त्यांना आईच्या मानाने बू म्हणत होते. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. हेंदार्तो साहेब निळ्या बाटिकच्या शर्टात, बरोबर कारखान्याचा वकील. आमच्या बाजूला तिना, गियार्तो आणि मी. तिनाने हात ओढणीखाली ठेवला होता.

वकिलाने तुझा जबाब वाचला. मग बू हर्यानींनी तिनाला विचारलं, “तुम्हाला बरं वाटत नाही असं तुम्ही वरिष्ठांना सांगितलं होतं का?”

तिनाने हेंदार्तो साहेबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगेल. ती काय म्हणाली माहीत आहे? “सांगितलं असेल, बू. पण माझं तोंड माझ्यासारखंच आहे, अर्धं कामाचं, अर्धं सुट्टीवर.” आणि हसली. कारकून हसला. साहेब तर टेबलावर हात आपटून हसले. “बघा! आमच्याकडे वातावरणच असं आहे, बू. आनंदी लोक!”

मला एवढा संताप आला की मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले. त्या खोलीत मी सगळ्यांशी उद्धट वागले, विन. तू पाहायला हवं होतंस. मी म्हटलं, “हसू नका. ही तक्रार आहे. साहेब, ही बाई गेले दीड महिना तक्रार करतेय आणि तुम्ही दीड महिना हसताय.” आणि वही टेबलावर ठेवली.

बू हर्यानींनी ती आधी मनात चाळली, मग मोठ्याने वाचायला घेतली, तारखेसकट. सात फेऱ्यांना कारकून हसला. साते आणि निखाऱ्यांना वकीलही हसला. शनिवारी साहेब एकटेच हसले. डोकं रजेवर गेलं तेव्हा कुणी हसलं नाही. पंखा बंद पडल्याची नोंद दुरुस्ती खात्याकडे कोणत्या तारखेची आहे, असं त्यांनी वकिलाला विचारलं. त्याने कागद चाळले आणि सांगितलं, अकरा जुलै. दुरुस्त कधी झाला? एकवीस.

हेंदार्तो साहेब म्हणाले, “पण बू, हे सगळं गमतीत बोललेलं आहे. यातून कुणाला काय कळणार?”

बाईंनी चष्मा काढला. “साहेब, तुम्ही मूळचे कुठले?”

“सोलोचा.”

“सोलोचे! मग छप्पर गळत असलं तर सोलोतला भाडेकरू घरमालकाला काय सांगतो?”

वकिलाने साहेबांकडे पाहिलं, तो बिचारा जकार्ताचा असावा.

“तो म्हणतो,” बू हर्यानी म्हणाल्या, “‘तुमच्या घरात बसल्या बसल्या चांदण्या छान दिसतात.’ आणि मालक दुसऱ्या दिवशी कौलं पाठवतो. माझे वडील पाठवायचे. तुमचेही पाठवत असतील. तेव्हा कळलं नाही असं माझ्यासमोर म्हणू नका. सोलोच्या माणसाने तर नकोच.”

मग त्यांनी शेवटचं पान वाचलं. ‘याती’ म्हणजे कोण, असं विचारलं. मी म्हटलं, मी. कार्ड कुठे होतं ते सांगितलं, चौदा कॉलरींचं सांगितलं, तुझ्या भुवईचंही सांगितलं, आणि प्रेस तू उघडलीस हेही. साहेब म्हणाले, “तुम्ही स्वतःविरुद्धच बोलताय, कळतंय ना?” मी नुसतं “कळतंय” म्हटलं आणि खाली बसले.

दीड तासाने कागद झाला. तोंडी तक्रार नऊ दिवस सलग वरिष्ठांकडे करण्यात आली होती, असं त्यात लिहिलंय. इजा कामामुळे झाली. तिनाला कमी केल्याचं पत्र रद्द. हात बरा होईपर्यंत रजा, नंतर तपासणी विभागात बसून काम. हेंदार्तो साहेबांनी सही केली. तुझा जबाब चुकीचा ठरवून बाजूला काढलाय, त्यावर तुझं म्हणणं मागवतील. तयारी ठेव. मला आज सकाळी लाइन सातवरून काढून गोदामात टाकलं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पण हे सगळं सांगायला मी हे पत्र लिहिलेलं नाही.

बैठक संपल्यावर आम्ही बाहेर आलो. गियार्तो मोटारसायकल काढायला गेला. झाडाखाली आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, “तिना, जिंकलीस.” तिने मान हलवली. मग तिने मला विचारलं, आणि या वेळी ती हसत नव्हती. त्या स्टुलानंतरच्या साडेचार वर्षांत मी तिचा तो चेहरा पाहिला नव्हता.

“म्बाक याती, त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं होतं?”

“आलं होतं.”

“काय ऐकू आलं?”

“तुला चक्कर येतेय, उभं राहवत नाही, हे ऐकू आलं.”

“आणि म्बाक विनना?”

“तिलाही.”

“बरं झालं, कळलं,” ती म्हणाली. “मला इतके दिवस वाटत होतं, यंत्रांच्या आवाजात तुम्हाला नुसती गंमतच ऐकू आली, मीच मोठ्याने बोलले नाही. रात्रंदिवस तेच मनात यायचं, की थोडं मोठ्याने बोलले असते तर.”

गियार्तो आला. ती मागे बसली, चांगला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मी माफी मागितली नव्हती. मागायला तोंड उघडलं होतं, पण तिने ते पाहिलं आणि मान फिरवली. तिचा तो हक्क आहे.

तुझ्याबद्दल मी जे सांगितलं ते तिने ऐकलंय, पण तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. ती येत्या रविवारी जेपाराला येतेय. गियार्तो आणणार आहे. तुझ्या घराचा पत्ता मी दिला. काही खायला करू नकोस, ती बसणार नाही. प्रश्न विचारेल तेव्हा सरळ उत्तर दे.

घरी राहा.

रुमियाती